जुनी पोलो टीएसआय की जुनी स्विफ्ट?

२०२१ची फोक्सवॅगन पोलो टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल) आणि त्याच वर्षाची मारुतीची पेट्रोल स्विफ्ट, दोन्ही मॅन्युअल. सेकंडहँड घेताना या दोघींत अडकलेले लोक आधी पॉवर बघतात: पोलो ११० पीएस (अश्वशक्ती), स्विफ्ट ९०. वाटतं, इथेच निकाल लागला. पण पोलोचं वजन सुमारे १,०७० किलो, तर स्विफ्टचं पावणेनऊशेच्या आसपास. टनामागे हिशेब केला की दोघींना शंभराच्या जरा वर, जवळपास सारखीच पॉवर मिळते.

खरा फरक टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा आहे. पोलोचं ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन १७५ एनएम देतं आणि तेही १,७५० ते ४,००० आरपीएमच्या पट्ट्यात. स्विफ्टच्या ११९७ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा टॉर्क ११३ एनएम, तोही ४,४०० आरपीएमला. आंबा घाटात चार माणसं आणि सामान घेऊन ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये चढताय असं समजा. समोर थोडा सरळ रस्ता दिसला की पोलोत नुसता पाय दाबायचा, ट्रक मागे पडतो. स्विफ्टमध्ये दुसरा गिअर टाकून इंजिन वर खेचावं लागतं, आणि तेवढ्यात पुढचं वळण येतं. घाटात ओव्हरटेक करताना हे दोन-तीन सेकंद फार मोलाचे असतात. दर महिन्याला कोकणात किंवा कोल्हापूरकडे जाणं असेल, तर मी बिनदिक्कत पोलो घ्या म्हणेन.

शहरात मात्र पारडं फिरतं. १,७५०च्या खाली पोलोचं इंजिन मंद असतं, त्यामुळे रांगत्या ट्रॅफिकमध्ये क्लचवरचा पाय हलत नाही. स्विफ्ट हलकी, चटकन वळणारी आणि सिग्नलला उभी असताना कमी थरथरणारी. कंपनीने सांगितलेलं मायलेज स्विफ्टचं २३.२०, पोलोचं १८.२४. रोज ऑफिसला जाणाऱ्याच्या खिशाला हा फरक जाणवतो. मागच्या सीटवर स्विफ्टमध्ये पाय थोडे मोकळे राहतात. डिकीत फारसा फरक नाही.

सुरक्षिततेत मी पोलोच्या बाजूने आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला २०१४ मध्ये प्रौढांसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. स्विफ्टला २०१८ मध्ये दोन, आणि नियम कडक झाल्यावर २०२२ मध्ये एकच. पोलोची चाचणी जुन्या नियमांची, हे धरूनही मोठ्या रस्त्यावर मला तिच्यात जास्त निर्धास्त वाटतं.

देखभालीत स्विफ्ट निर्विवाद सरस. तालुक्याच्या गावीही पार्ट मिळतो, मेकॅनिकला इंजिन पाठ असतं. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. सर्व्हिस होते, पण पार्टसाठी थांबायची आणि जास्त पैसे मोजायची तयारी हवी. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, स्विफ्टला चेन. टर्बोला ऑइल वेळेवर बदललेलं लागतं, म्हणून सर्व्हिस रेकॉर्ड नसलेली टीएसआय कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

बघायला जाल तेव्हा पोलोचा गिअर नॉब आधी बघा. मॅन्युअल टीएसआयला सहा गिअर असतात. पाच दिसले तर ती साधी, बिनटर्बोची एमपीआय, ७६ पीएस आणि ९५ एनएमची. तिला टीएसआयचा भाव देऊ नका. स्विफ्टमध्ये ९० पीएसचं इंजिन फेब्रुवारी २०२१ पासून आलं, त्याआधीच्या गाड्या ८३ पीएसच्या. म्हणून आरसीवर उत्पादनाचा महिना वाचा, नोंदणीची तारीख पुरेशी नाही. आणि २०२१च्या स्विफ्टला सीएनजी असेल तर ते बाहेरून बसवलेलं आहे, कारण कंपनीची सीएनजी स्विफ्ट ऑगस्ट २०२२ मध्ये आली. अशा गाडीच्या आरसीवर सीएनजीची नोंद नसेल, तर ती चढवून घेतल्याशिवाय इसारही देऊ नका.