उघड्या धातूचं मॉडेल विमान: लॅकर, अ‍ॅक्रिलिक, एनॅमल की फॉइल? आणि फ्लोरोसंट पट्ट्यांचं काय?

रंग निवडण्याआधी एक हिशोब करा: धातूचा रंग चढल्यावर त्यावर अजून किती काम उरणार आहे? रंगवलेला भाग झाकायला मास्किंग टेप लावायची असेल, वेगवेगळ्या छटांचे पॅनल (विमानाच्या पत्र्याचे तुकडे) करायचे असतील, तर टेपखाली न उखडणारा रंगच हवा. नुसती झळाळी पाहून घेतलेली बाटली इथेच दगा देते.

अ‍ॅल्क्लॅड कंपनीचा लॅकर (सॉल्व्हंटवरचा, झटकन वाळणारा रंग) या कामात सर्वांत खात्रीचा. त्याच्या साध्या छटा (अ‍ॅल्युमिनियम, ड्युरॅल्युमिनियम) राखाडी प्रायमरवरही (रंगाआधीच्या अस्तरावरही) नीट बसतात. क्रोम, पॉलिश्ड अ‍ॅल्युमिनियम, एअरफ्रेम अ‍ॅल्युमिनियम या जास्त चकाकणाऱ्या छटांना मात्र तुकतुकीत काळं अस्तर लागतंच. हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार) ५ ते ७ सेंटिमीटरवर, आणि इतके पातळ हात की पहिल्या हातात काळं झाकलंच जाऊ नये. झाकायच्या घाईत जाड हात मारला तर आरशाऐवजी साधी चंदेरी दिसते. उघड्या प्लास्टिकवर थेट मारू नका; त्यातला सॉल्व्हंट प्लास्टिकवर बारीक भेगा पाडू शकतो. वासही उग्र असतो, त्यामुळे मास्क आणि खेळती हवा हवीच.

व्हॅलेहो कंपनीचा मेटल कलर अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पाण्यावर आधारलेला रंग आहे. वास जवळपास नाही, बाटलीतून थेट एअरब्रशमध्ये जातो, दाणा अतिशय बारीक. एकाच छटेचं, कमी मास्किंगचं विमान असेल तर हाच घ्या. पण प्लास्टिकवरची त्याची पकड लॅकरइतकी घट्ट नसते. टेप लावण्याआधी ती दोन-तीनदा तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. नोझलवर रंग सुकत राहतो, म्हणून सुईचं टोक अधूनमधून पुसावं लागतं.

एके कंपनीचा ‘एक्स्ट्रीम मेटल’ एनॅमल असून या दोघांच्या मधला आहे. लॅकरपेक्षा सावकाश वाळतो, पण पुरता वाळल्यावर टेप बऱ्यापैकी सोसतो.

बेअर मेटल फॉइल म्हणजे मागे गोंद असलेला, अतिशय पातळ खरा धातू. अ‍ॅल्युमिनियमचं खरेपण त्याच्याइतकं कोणत्याच रंगात येत नाही, कारण प्रत्येक पॅनलवर घासायची दिशा बदलली की उजेडात तो वेगळा दिसतो. कापूसकाडीने दाबून बसवायचा आणि नव्या कोऱ्या ब्लेडने पॅनलरेषेत कापायचा. इंजिनाच्या गोल आवरणावर मात्र सुरकुत्या पडतात. पहिलंच मॉडेल असेल तर अख्ख्या विमानाला फॉइल लावू नका. दोन-चार सपाट पॅनलपुरता वापरा.

पर्याय कोणताही घ्या, पृष्ठभागाची तयारी तीच. २००० आणि मग ४००० ग्रेडच्या पॉलिश पेपरने ओल्याने घासा. साध्या करड्या रंगाखाली लपणारा ओरखडा धातूच्या रंगाखाली ठळक होतो. काळं अस्तर लॅकरचं असेल तर एक दिवस, एनॅमलचं असेल तर निदान दोन दिवस वाळू द्या. कच्च्या अस्तरावर झळाळी मरते. रंग दाणेदार, करडा उतरला तर बहुधा एअरब्रश लांब धरल्याने थेंब हवेतच सुकलेले असतात.

खरं विमानही नीट पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातल्या बहुतेक पी-५१ मस्टँग लढाऊ विमानांचं धड उघड्या धातूचं होतं, पण पंखांचे सांधे पुट्टीने बुजवून त्यावर चंदेरी रंग दिला जाई. अशा पंखावर क्रोमसारखी चमक चूकच. तिथे तामियाचा एएस-१२ स्प्रे पुरतो.

आता फ्लोरोसंट, म्हणजे उजेडात भडक चमकणारा रंग. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी हवाई दलाच्या टी-३३ सारख्या प्रशिक्षण विमानांवर असे नारिंगी-लाल पट्टे दिसू लागले. हा रंग अर्धपारदर्शक असतो. चंदेरीवर किंवा राखाडीवर तो मळकट विटकरी दिसतो, म्हणून खाली स्वच्छ पांढरं अस्तर लागतंच. छोट्या पट्ट्यांसाठी मिस्टर कलरचा १७३ फ्लोरोसंट ऑरेंज एअरब्रशने चार ते सहा पातळ हातांत द्यावा, एकसारखा बसतो. तामियाचा टीएस-३६ स्प्रे मोठ्या भागाला सोयीचा, पण मास्किंगच्या कडेशी रंग साचून तिथे गडद रेघ उमटते. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) सरळ कडांसाठी उत्तम. मात्र ज्या डिकलच्या शाईखाली पांढरा थर नाही, तो धातूवर फिकाच पडणार. फ्लोरोसंट रंग सहसा मॅट (बिनचकाकीचा) वाळतो, वर ग्लॉस क्लिअर (चकाकणारा पारदर्शक थर) लागतं. अतिनील किरण रोखणारं क्लिअर रंग टिकवतं, पण चमक थोडी खाली आणतं; उन्हात ठेवायचं मॉडेल नसेल तर साधंच वापरा.

एकाच विमानावर धातू आणि फ्लोरोसंट दोन्ही हवेत तर फ्लोरोसंट आधी. पांढरं, मग नारिंगी, मग क्लिअर, पूर्ण वाळल्यावर मास्किंग, टेपच्या कडेवरून पुन्हा क्लिअरचा एक हात, आणि त्यानंतरच काळं अस्तर व धातू. क्लिअरच्या त्या हाताने टेपची कड बंद होते, त्यामुळे काळा रंग नारिंगीत शिरत नाही. टेप काढताना ती स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला लागून सावकाश ओढा.