स्टुपिस टोमॅटोचं बी: पाकिटावरचे ५५ दिवस नक्की कुठून मोजायचे?

कॅनडात, आमच्या कॅलगरीत टोमॅटो लावणं म्हणजे जुगारच, जुलैमध्येसुद्धा रात्री १० डिग्रीच्या आसपास, आणि सप्टेंबरात कधी दहिवर गोठेल नेम नाही. गेल्या वर्षी बीफस्टेक (मोठ्या फळांचा टोमॅटो) लावला तर शेवटपर्यंत हिरवाच, म्हणून यंदा ऑनलाइन स्टुपिस मागवलं. मूळ चेकोस्लोव्हाकियातली जात, थंडीतही फळ धरते (तिकडे म्हणे स्तुपित्से म्हणतात, आमच्या घरात स्टुपिडच झालं).

पाकिटावर मोठ्ठं ‘५५ दिवस’. पण हे रोप बाहेर लावल्यापासूनचे हो, बी पेरल्यापासूनचे नाही, आणि हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही! मी पाडव्याला, ३० मार्चला, दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरलं, डबे फ्रिजवर ठेवले कारण तिथे ऊब असते, सातव्या दिवशी कोंब. २५ बिया म्हणून १९ निघाल्या, त्यातल्या १७ उगवल्या, तक्रार केली तर उत्तरच नाही.

मग पानं आली आणि मी घाबरले. टोमॅटोसारखी कातरलेली नाहीत, सपाट, गुळगुळीत कडेची. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना दाखवलं, ते नारायणगावचे, आयुष्य टोमॅटोत गेलेलं, ते म्हणाले, "अगं, हा बटाटा आहे, फसवलं तुला." तर या जातीची पानंच तशी असतात, नंतर कळलं.

मेच्या उत्तरार्धातल्या लाँग वीकेंडला इथे सगळे लावतात पण मी धीर धरला, आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून ३१ मेला लावली. जूनअखेर गारपीट, दोन रोपं गेली, बाकीच्यांवर बादल्या उपड्या घातल्या म्हणून वाचली. वेल वाढतच जाते, काठ्या लागतातच, सासऱ्यांनी तार-बांबू कसा बांधायचा ते फोनवरून शिकवलं.

पहिला लाल टोमॅटो २७ जुलै. म्हणजे लावल्यापासून ५७ दिवस, पेरल्यापासून ११९. लिंबाएवढाच, पण चव! आंबटगोड, साल पातळ, मीठ लावून उभ्या उभ्या खाल्ला, फोटो काढायचा राहिला. गणपतीत तर रोज वाटीभर निघत होते, सारही झालं, कोशिंबीरही. सँडविचसाठी मोठ्या चकत्या हव्या असतील तर मात्र ही जात घेऊ नका.

जातीला साडेचार स्टार, पाकिटाला दोन. पुढच्या वर्षी विकत घ्यायचं नाही, हायब्रिड नाही त्यामुळे घरचंच बी चालतं, बी गरातून सुटं व्हावं म्हणून तीन टोमॅटोंचा गर बरणीत आंबवत ठेवलाय, आणि वास असा सुटलाय की नवऱ्याने बरणी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.