डेस्कटॉपओके : आठ महिने वापरल्यावर, आणि बाबांचं 'वरून तिसरं'

मंगळवारी वावरात डवरणी चालू होती आणि बाबांचा फोन आला. "अबे, लाइट बिल दाबलं तं पॅनकार्ड उघडून रायलं. इथं चार लोकं बसून हायेत." म्हटलं, बाबा, डाव्या ओळीत वरून तिसरं दाबा. "तेच तं दाबलं!"

डेस्कटॉपओके म्हणजे पडद्यावरचे विस्कटलेले आयकॉन ठरल्या जागी परत बसवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या भरवशावर आठ महिने निवांत वावरात जात होतो, त्यानं ऐन पीकविम्याच्या दिवसांत दगा दिला असं वाटलं. त्या रागात हे लिहायला घेतलं. दोन दिवसांत राग अर्धा उतरला, कारण अर्धी चूक माझी निघाली. उरलेल्या अर्ध्यासाठी लिहितो.

दारव्हा तालुक्यात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, विंडोज 10, पडदा 1366 बाय 768. मी नसलो की बाबा बसतात. बाबा चौथी पास, त्यात एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. इंग्रजी नावं त्यांना वाचता येत नाहीत आणि चित्रांचाही उपयोग नाही, कारण वेबसाइटचे शॉर्टकट केले की बहुतेकांवर त्याच ब्राउझरचं गोल चित्र येतं. महाडीबीटी, सातबारा, पीकविमा, लाइट बिल, सगळ्यांचा चेहरा एकच. म्हणून बाबांनी जागा पाठ केल्यात. मॉनिटरच्या काठावर त्यांनी मायच्या टिकल्या लावल्या आहेत, लाल टिकली म्हणजे लाइट बिलाची ओळ.

आता आमच्याकडे लाइन कशी जाते ते इकडच्यांना सांगायला नको. गावठाण फीडर, म्हणजे शेतीपंपांपेक्षा वेगळी गावाची लाइन असूनही पावसाळ्यात दिवसातून तीनदा. विंडोजची गंमत अशी, की आयकॉन हलवले की ते त्या वेळी तात्पुरते ध्यानात असतात, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, पक्की नोंद साधारण लॉगऑफ किंवा शटडाऊनच्या वेळीच होते. लाइन गेली की नोंद कुठली? शिवाय लाइन आली की कॉम्प्युटरचा डबा आपोआप चालू होतो, पण माझ्या मॉनिटरचं बटण हातानं दाबावं लागतं. पडदा सापडला नाही की डबा 1024 बाय 768 वर उठतो आणि उजवीकडचे आयकॉन डावीकडे ढकलून मोकळा होतो. मग बाबा, मग फोन.

तालुक्याच्या दुकानदारानं यूपीएसची बॅटरी बदलायला सांगितलं, हजार-अकराशे रुपये. मी म्हटलं, बावा, आयकॉनसाठी हजार रुपये? फेन्सेस नावाचं चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण ते डॉलरमध्ये पैसे मागतं. शेवटी नोव्हेंबरात डेस्कटॉपओके उतरवलं. फुकट, इन्स्टॉल करायची कटकट नाही, अख्खी फाइल मोबाइलच्या एका फोटोएवढीही नाही. सेव्ह दाबलं की आयकॉनची मांडणी जतन, रिस्टोअर दाबलं की तीच परत, झालं. प्रत्येक मांडणीपुढे ती पडद्याच्या कोणत्या रिझोल्यूशनवर (1366 की 1024) घेतली तेही लिहिलेलं असतं. पहिला महिना मी इतका खूश होतो, की शेजारच्या गावातल्या दोन केंद्रवाल्यांना पेनड्राइव्हवर नेऊन दिलं.

जानेवारीत पहिला झटका. रिस्टोअर दाबलं की आयकॉन क्षणभर जागेवर जायचे आणि परत डावीकडे रांगेत उभे राहायचे. आठ दिवस सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या. नंतर कळलं, प्रोजेक्टचं प्रिंट काढायला आलेल्या पोरानं राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये 'ऑटो अरेंज आयकॉन्स'वर टिक लावली होती. ती टिक असली की आयकॉन हलवले तरी विंडोज त्यांना परत रांगेत लावतं. टिक काढली, काम सुरू. शिव्या परत घेतल्या.

मार्चमधला घोळ माझ्या हावरटपणाचा. ऑटोसेव्ह चालू केलं आणि विंडोज सुरू होताना आपोआप रिस्टोअर व्हावं अशीही सोय करून ठेवली. एका दुपारी लाइन गेली-आली, पडदा 1024 वर उठला, आयकॉन विस्कटले आणि ऑटोसेव्हनं इमानदारीनं तीच विस्कटलेली मांडणी जतन केली. यादीत सगळ्यात वर तीच. जुनी चांगली मांडणी खाली होती म्हणून वाचलो. तेव्हापासून ऑटोसेव्ह बंद. मांडणी बदलली की मी हातानं सेव्ह करतो आणि नाव देतो. सध्याची 'बाबा 1366' आहे.

एवढं सांभाळूनही मंगळवार का घडला, ते ऐका. रविवारी रात्री मला शहाणपण सुचलं, बाबांना वाचता यावं म्हणून चार शॉर्टकटची नावं मराठीत केली. लाइट बिल, सातबारा, विमा, पॅनकार्ड. टायपिंग मोठ्या हौसेनं केलं आणि नव्यानं सेव्ह करायचं विसरलो. मंगळवारी लाइन गेली. बाबांनी शिकवल्याप्रमाणे रिस्टोअर दाबलं. सगळे आयकॉन जागेवर गेले, फक्त हे चार सोडून. कारण डेस्कटॉपओके आयकॉनला नावानं ओळखतं. नाव बदललं की त्याच्या दृष्टीनं तो आयकॉन नवाच. ते चार बिचारे लाइन गेल्यावर जिथे पडले तिथेच राहिले आणि लाल टिकलीच्या ओळीत पॅनकार्ड येऊन बसलं.

हे पाहून मला दिवसभर कपाळावर हात मारावासा वाटला. दुकानात रोज हेच तर चालतं. आधारवर 'ज्ञानेश्वर', सातबाऱ्यावर 'ग्यानेश्वर', आणि अर्ज बाद. माणूस समोर उभा, शेत तेच, बाप तोच, पण नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकले. लोकांना मी दिवसभर सांगतो, आधी नाव जुळवा, मग फॉर्म. आणि माझ्याच पडद्यावर मी ते केलं नाही. तरी माझी तक्रार आहेच : यादीतल्या चार नावांचे आयकॉन डेस्कटॉपवर सापडले नाहीत, एवढं एका ओळीत सांगायला काय जातं? बाबा समजले असते, नाही तर निदान मला फोनवर वाचून दाखवलं असतं. बाकीचं बारीकसारीक मला चालतं, हे नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली आणि ती उशिरा सापडली. मांडणी वेगळ्या .डीओके फाइलमध्ये ठेवता येते आणि डेस्कटॉपओकेच्या शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये (प्रॉपर्टीजमधल्या पत्त्याच्या रकान्यात) /लोड, /सायलेंट आणि त्या फाइलचा पत्ता लिहिला (हे शब्द अर्थातच इंग्रजीत) की खिडकी न उघडता मांडणी बसते. आधी तो शॉर्टकट डेस्कटॉपवरच ठेवला. आयकॉन विस्कटले की तोही हरवायचा, बाबा दुरुस्तीचा आयकॉन शोधत बसायचे! आता तो खाली टास्कबारवर पिन केलाय. टास्कबार हलत नाही. बाबांना एकच सांगितलंय, गडबड झाली की खालचा हिरवा दाबा.

बुधवारी चारही नावं पक्की करून मांडणी परत घेतली, .डीओके फाइल पेनड्राइव्हवर टाकली. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हा डबा कधी ना कधी बदलावाच लागेल. तेव्हा मांडणी सोबत नेता येईल.

यूपीएसची बॅटरी अजून आणली नाही. मायनं काल विचारलं, लाइन गेल्यावर लोकांचे अर्धे भरलेले फॉर्म जातात त्याचं काय? त्याला डेस्कटॉपओके काही करत नाही. येत्या बाजाराच्या दिवशी दुकानदाराला भाव विचारून पाहतो, नऊशेत देतो का ते.