‘सीझन-रेडी’ फॉर्म्युला गाडी घेताय? आधी इंजिनचा रंग खरवडा

आकडा आधीच सांगून टाकतो: 6,95,500 रुपये. गाडी 4,80,000, इंजिन रिबिल्ड (म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जोडणं) 1,15,000, ‘सीझन प्रेप’ नावाचा प्रकार 62,500 आणि टेम्पो 38,000. घरी अजून ‘चारेक लाख’ एवढंच माहीत आहे, तेव्हा ओळखीच्यांनी हे वाचून कृपया घरच्या नंबरवर सांत्वनाचे फोन करू नयेत.

जुनी सिंगल-सीटर (एका माणसाची फॉर्म्युला रेस कार) गळ्यात मारायची पद्धत या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चकाचक फोटो, ट्रॅकवरचा व्हिडिओ (तो याच गाडीचा आहे का, देव जाणे), ‘आणखी दोघं मागे लागलेत’ वगैरे. हे सगळं मलाही ठाऊक होतं, म्हणून तर मी कुणा अनोळखी माणसाकडून न घेता रेसिंगचीच कामं करणाऱ्या वर्कशॉपकडून घेतली. गाडी त्यांची, तयारी त्यांची, बिल त्यांचं. सावध माणूस आणखी काय करतो? नाव टाकत नाही, कारण वकिलांनी सक्त मनाई केली आहे.

गाडी आपल्याकडच्या नेहमीच्या एंट्री-लेव्हल प्रकारातली. नळ्यांची चेसिस, फायबरची बॉडी, मागे मारुतीचं 1298 सीसीचं इंजिन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोइम्बतूरचे रेसर करिवर्धन यांनी मारुती 800 च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही रेस कार उभी केली, तेव्हापासून आपल्याकडे हौशी माणसाला रेसिंग परवडतं ते या रस्त्यावरच्या इंजिनांमुळेच. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतात. पण त्याच कारणाने भंगारातलं इंजिनही बिनबोभाट बसतं. माउंटिंग तेच, दिसायला तेच, आवाज तोच. बिलावर ‘झिरो अवर रिबिल्ड, 0.50 ओव्हरसाइज पिस्टन’ (म्हणजे नव्यासारखं इंजिन, सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे कापून त्यात बसणारे पिस्टन) लिहिलं की झालं.

आता ज्या क्षणाची मला अजून रात्री आठवण येते तो सांगतो.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. मालक म्हणाला, ‘सर, तुमच्यासाठीच वॉर्म-अप करून ठेवलं.’ मला तर तो आदर वाटला! गरम इंजिनात सुरुवातीचा धूर दिसत नाही, सैल पिस्टनची टकटक ऐकू येत नाही, हे मी इतरांना शिकवलेलं आहे. पण हे तरी एक वेळ सोडा. ब्लॉकला झकास चंदेरी रंग मारला होता. टायमिंग कव्हरच्या खालच्या बोल्टपाशी रंग जरा फुगलेला दिसला म्हणून मी नख लावलं, तर अख्खी पापडी निघाली आणि खाली काळं, चिकट, वर्षानुवर्षांचं ऑइल. बोल्टच्या खाचेतही तोच मळ, वरून चंदेरी. मी विचारलं, हे काय? त्यांचा मिस्त्री शांतपणे म्हणाला, ‘टेस्टिंगला चालवली ना सर, थोडं ऑइल लागतंच.’

टेस्टिंगचं ऑइल रंगाच्या वर लागेल. रंगाच्या खाली कसं जाईल?

पूर्ण उघडलेलं इंजिन धुतात. ब्लॉक बोअरिंगला जातो, डिझेलने नाहीतर केमिकलने साफ होऊन येतो, मग जोडणी होते आणि मग रंग. मळावर रंग म्हणजे इंजिन उघडलेलंच नाही, हे शाळकरी पोराला कळेल. पण तिथे उभं राहून बघा. टेम्पोवाला थांबण्याचे पैसे मागतोय, चार पोरं गाडी चढवायला फळ्या लावून उभी, मालक बाकीच्या पैशांसाठी चहा पाजतोय. अशा वेळी माणूस नखातली घाण पँटला पुसतो आणि ‘ठीक आहे’ म्हणतो. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. जे आता ‘आम्ही तर लगेच ओळखलं असतं’ म्हणताहेत, त्यांच्यापैकी एकजण त्या दिवशी माझ्यासोबत होता आणि कॉकपिटमध्ये बसून फोटो काढून घेत होता.

जाताना एवढं करा: इंजिन गार ठेवायला सांगा, आणि पोचल्यावर हात लावून बघा. गरम असेल तर निमूटपणे जेवून या. लीक-डाउन टेस्टचं (सिलिंडरमध्ये दाबाने सोडलेली हवा किती गळते ते दाखवणारं) गेज स्वतःचं न्या. ताज्या रिबिल्डला गळती थोड्या टक्क्यांतच असायला हवी. वीसच्या वर गेली तर बोलणंच थांबवा. ‘आमचं गेज बिघडलंय’ हे उत्तर मला मिळालं होतं.

‘सीझन प्रेप’चे 62,500 असे: बॅफल लावलेला संप (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) 8,500, सहा-पट्टी हार्नेस (रेसचा सीट बेल्ट) 24,000, बारा रॉड-एंड (सस्पेन्शनचे सांधे) 18,000, कॉर्नर वेट (चारही चाकांवरचं वजन जुळवणं) आणि अलाइनमेंट 12,000.

कॉर्नर वेटचा छापील कागद दिला होता. चार चाकांचे चार आकडे, क्रॉस वेट (तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांवरचा भार) बरोब्बर 50.0 टक्के. फ्रेम करून लावावा असा. फक्त एकच की हे माप ड्रायव्हरला बसवून घेतात, नाहीतर त्याच्या वजनाची पोती सीटवर ठेवून. कागदावर ड्रायव्हर 70 किलो. मी 91 किलोचा आहे, आणि मला कोणी वजन विचारलंसुद्धा नाही. 12,000 रुपयांत निदान विचारायचं तरी!

हार्नेसची गोष्ट कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर उघडी पडली. तिथे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याने खांद्याची पट्टी अ‍ॅडजस्टरमधून ओढून काढली. आत दडलेला भाग गडद लाल, बाहेरचा उन्हाने विटून गुलाबी. लेबल नवं होतं, पण शिवलेलं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. एफआयएच्या (मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) मान्यतेच्या पट्ट्यांच्या लेबलवर कोणत्या सालापर्यंत चालेल ते छापलेलं असतं, जुन्या 8853/98 मानकात तर ती मुदत पाचच वर्षांची. म्हणून लोक साल बघून खूश होतात. साल बघू नका, शिवण बघा. सगळ्यांदेखत माझी पट्टी हातात धरून तो गृहस्थ म्हणाला, ‘ही कोणी विकली तुम्हाला?’ मी काय सांगणार. शेजारच्या टीमने त्यांचे जादा पट्टे दिले, त्यावर उतरलो.

उतरलो म्हणजे काय, लांब वळणावर ऑइल प्रेशरची सुई बसली. रस्त्यावरच्या गाडीचा संप रेसच्या वळणासाठी नसतोच. ऑइल एका बाजूला धावतं, पंप हवा खेचतो आणि बेअरिंगला कोरडं राहावं लागतं. म्हणून तर आत बॅफलच्या पट्ट्या वेल्ड करतात, आणि त्याचे 8,500 मी मोजले होते. सरळ रस्त्यावर प्रेशर परत आलं, पुढच्या वळणावर पुन्हा गेलं. मी गाडी आत घेतली तोवर मागे निळा धूर आणि खालून ठोका सुरू झाला होता. मालकाला फोन केला तर म्हणे, ‘सर, तुम्ही जास्त रेव्ह केली असेल.’ रेस कार! जास्त रेव्ह!

परत आणून माझ्या नेहमीच्या मिस्त्रीकडे इंजिन उघडलं. संप खाली आला, आत बॅफल सोडा, वेल्डिंगचा एक ठिपका नव्हता. बेअरिंगचे शेल तांब्यापर्यंत घासलेले. आणि मग बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं साधन. या इंजिनचा मूळ बोअर 74 मिमी. बिलाप्रमाणे 0.50 ओव्हरसाइज म्हणजे तिथे 74.50 यायला हवा. चारही सिलिंडर 74.07 ते 74.09. म्हणजे ब्लॉक बोअरिंगच्या मशीनवर चढलाच नव्हता. जे थोडं वाढलं होतं ती वापराची झीज. पिस्टनच्या डोक्यावर साइजचा शिक्काही नाही. 1,15,000 रुपयांचा चंदेरी रंग मारला होता गाडीला.

मग वेडच लागलं आणि सगळंच उघडत सुटलो. रॉड-एंड समोरचे दिसणारे चार नवे, बाकीचे आठ जुनेच, वरून ग्रीस फासलेले. चाक वर-खाली धरून हलवलं की टकटक बोटाला कळत होती. मागच्या डाव्या विशबोनचा (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचा) रंग काढला तर खाली पुट्टी, पुट्टीखाली सरळ केलेला वाक. रंगाआड भेग आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. फॅब्रिकेशनवाले करतात ती डाय पेनिट्रंट टेस्ट (भेगेत रंगीत द्रव मुरवून ती दाखवणारी) किरकोळ पैशांत होते. विशबोन आणि अपराइट (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) यांची गाडी घेण्याआधी करून घ्या. समोरचं चाक ते मागचं चाक, डावीकडे आणि उजवीकडे, साध्या टेपने मोजा. माझ्या गाडीत 11 मिमीचा फरक होता. आणि ब्रेकफ्लुइड चहाच्या रंगाचं असेल तर ‘सीझन प्रेप’ हा शब्दच बिलावरून खोडा.

आता व्यवस्थेकडे वळतो. इथपर्यंतचा राग तुम्ही समजू शकता, पुढचा समजायला पोलीस ठाण्यात बसावं लागतं.

माझ्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो. अर्ज वाचून साहेब म्हणाले, ‘आरसी बुक आणा.’ म्हटलं, रेस कारला आरसी नसते, आरटीओत नोंदच होत नाही. ‘मग गाडी तुमची कशावरून?’ बिल दाखवलं. ‘यावर चेसिस नंबर कुठाय? इंजिन नंबर कुठाय?’ नव्हता. (तुम्ही मात्र चेसिसवरच्या पट्टीचा आणि ब्लॉकवरचा, दोन्ही नंबर बिलावर लिहून घ्या, तेही पैसे देण्याआधी.) मग विचारलं, ‘इन्शुरन्स?’ म्हटलं, नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की गुन्हा माझ्यावरच दाखल होतो की काय. एक हवालदार बोअर गेजचा कागद उलटसुलट करत म्हणाला, ‘अर्ध्या मिलिमीटरसाठी एवढं?’

शेवटी निकाल: गाडी तिकडून घेतली, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेलो. तिथे म्हणे, पैसे तुमच्या बँकेतून गेले, तुमच्याकडे तक्रार करा. मी झिरो एफआयआरचं नाव काढलं तर, ‘ते खुनाबिनाला असतं.’ साफ खोटं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेलं आहे. मग तिसरा सूर, ‘ऑनलाइन पैसे दिलेत ना? सायबरला जा.’ आणि सगळ्यात शेवटी ते ब्रह्मवाक्य: ‘ही दिवाणी बाब आहे.’ न केलेल्या कामाचं बिल लावून पैसे घेणं, भंगाराला रंग मारून नवं म्हणणं दिवाणी? मग न्याय संहितेतलं 318(4) कशासाठी आहे? ते पूर्वीचं 420च आहे, नंबर बदलला म्हणून गुन्हा बदलला नाही. ठाण्यात घेत नसतील तर 173(4) प्रमाणे अधीक्षकांना लेखी पाठवा. मी पाठवलं, रजिस्टर पोस्टाने. पोचपावती आली, उत्तर येतंय.

रेस भरवणाऱ्या एका क्लबलाही मेल केला. ‘खाजगी व्यवहारात आम्ही पडत नाही.’ उद्या ती विशबोन वळणावर तुटली असती तर तो व्यवहार खाजगी राहिला असता का?

पैशांचं एक सांगायचं राहिलं. 4,80,000 पैकी 1,50,000 त्यांनी रोख मागितले, ‘जीएसटीचं बघून घेऊ’ म्हणून. मी दिले. या क्षेत्रात सगळे देतात, उगाच साळसूदपणाचा आव आणू नका. पण त्या दीड लाखाचा कागद नाही, त्यामुळे तक्रारीत माझे सिद्ध होणारे पैसे 5,07,500. उरलेले कायद्याच्या दृष्टीने जन्मलेच नाहीत. निदान काढलेले जुने पार्ट आणि नव्या पार्टचे खोके मागून घ्या. जो खरंच बदलतो त्याच्याकडे ते पडलेले असतात. ‘भंगारवाला कालच घेऊन गेला’ म्हणाला की समजा.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली, ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये, मुदत दोन वर्षांची. इंजिन दुरुस्त करायचा मोह होईल, करू नका. ब्लॉक होन केला (सिलिंडर आतून घासले) की पुरावा गेला. माझा ब्लॉक तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मोजमापाच्या कागदासकट ठेवलाय, आणि आयोगाकडे तज्ज्ञ तपासणीचा अर्ज दिलाय.

समोरच्यांचं लेखी उत्तर आलं. इंजिन, पट्टे, बॅफल यांबद्दल एक ओळ नाही. म्हणणं एवढंच की मोटार रेसिंग हा ‘व्यावसायिक हेतू’ असल्यामुळे अर्जदार ग्राहकच नाही. त्यावर मी प्रतिज्ञापत्र केलंय: मोटार रेसिंगमधून अर्जदाराचं आजवरचं एकूण उत्पन्न, शून्य रुपये.