उसाच्या पट्ट्यात पूल क्लीनर रोबो : एक गाळप हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

पोहण्याच्या तलावाचा तळ साफ करणारा रोबो घ्यायचा असेल तर ॲप, रिमोट, पाच-सहा मोड यांच्यात अडकू नका. आधी जाळी किती बारीक आहे ते बघा, मग सुटे भाग कुठं मिळतात ते विचारा. आमचं फार्महाऊस कोल्हापूरजवळ, केर्लीच्या पुढं, पन्हाळा रस्त्याला. पूल 30 बाय 15 फुटांचा, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला साडेपाच, म्हणजे साधारण 54 हजार लिटर पाणी. तिन्ही बाजूंनी ऊस. शनिवार-रविवारी पाहुणे येतात, एरवी घरचीच माणसं. वायरवाला रोबो घेतला, लाखाच्या वर पैसे गेले. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

बाजारात मुळात तीन जातीची यंत्रं मिळतात. पहिलं पंपाच्या ओढीवर चालणारं, स्किमरला (पाण्यावरचा कचरा ओढणारं तोंड) किंवा व्हॅक्यूम पॉइंटला पाइप जोडायचा आणि ते तळावर फिरत राहतं. क्रीपी क्रॉली हे त्यातलं जुनं नाव, 1974 मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या इंजिनिअरनं काढलेलं. स्वस्त, आत मोटर नाही, बिघडायला फारसं काही नाही. पण ते चालवायचं म्हणजे एक-दीड एचपीचा मुख्य पंप चालू ठेवायचा, आणि तळाची सगळी घाण पंपाच्या टोपलीतून थेट वाळूच्या फिल्टरमध्ये. सारखं बॅकवॉश करत बसा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा, आणि दर वेळी पाणी वाया घालवा. दुसरं पाण्याच्या दाबावर चालणारं. त्याला बहुतेक वेळा वेगळा बूस्टर पंप लागतो, आपल्याकडं फारसं दिसतही नाही. तिसरा रोबो. त्याची मोटर, पंप आणि जाळी सगळं त्याच्या पोटात. तो साधारण दीडशे वॅट खातो, अडीच तासांच्या एका फेरीला अर्धा युनिटसुद्धा जळत नाही. रोज पंप तासन्‌तास चालवणाऱ्याला हा फरक बिलात दिसतो.

बॅटरीवाले रोबोही आलेत. लहान पुलाला वाईट नाहीत, वायरीची कटकट नाही. पण चार्ज संपला की ते तळाशी जाऊन बसतात, मग आकडी घेऊन काढा. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या पंपरूममध्ये लिथियमची बॅटरी ठेवायला माझं मन धजलं नाही.

आता जाळीचं. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की इथं आभाळातून काजळी यायला सुरुवात होते. कुणी तोडीआधी फड पेटवतो, कुणी तोडीनंतर पाचट. सकाळी पाण्यावर काळ्या लांब काड्या तरंगत असतात. हाताला लागल्या की त्यांची पूड होते आणि टाइल्सवर पाण्याच्या रेषेला काळा पट्टा उमटतो. यंत्रासोबत येणारी जाळी साधारण 150-200 मायक्रॉनची असते. पानं, वाळू, किडे ती मस्त धरते. काजळीची पूड मात्र पुढून आत जाते आणि मागून धुरासारखी बाहेर पडते. तळ स्वच्छ, पाणी राखाडी. 50-60 मायक्रॉनची बारीक जाळी वेगळी विकत घ्यावी लागते. ती टाकल्यावर फरक पहिल्याच फेरीत दिसला. मात्र ती लवकर तुंबते, आणि तुंबली की यंत्राची ओढ कमी होऊन ते भिंतीवर चढायचं बंद होतं. यंत्र अर्ध्या भिंतीवरून घसरायला लागलं तर मोटर गेली म्हणून घाबरू नका, आधी जाळी काढून बघा. आम्ही हंगामात बारीक जाळी वापरतो, पावसाळ्यात पानं-चिखल असतो तेव्हा जाडी.

जाळी धुण्याचंही एक तंत्र आहे. फेरी संपली की लगेच, ओली असतानाच, आतून बाहेर पाणी मारायचं. सुकू दिली की काजळी धाग्यांत बसते आणि मग घासून काढताना जाळीच फाटते. आमच्या जाळीत काय काय निघतं ते सांगण्यासारखं आहे: टिकल्या, केसांच्या पिना, करदोट्याचे तुकडे, एकदा नवसाचा नवाकोरा काळा दोरा गाठीसकट. चपचपीत तेल लावून मुटके मारणाऱ्या पोरांना कितीही सांगा, आंघोळ करून पाण्यात उतरणारं पोर विरळाच. लांब केस मात्र कधीकधी जाळीतून निसटतात आणि पाणी ओढणाऱ्या पंख्याला गुंडाळले जातात. यंत्र घरघरायला लागलं की प्लग काढून वरचे स्क्रू सोडायचे आणि चिमट्यानं केस ओढायचे. पाच मिनिटांचं काम. याच घरघरीला सर्व्हिसच्या फोनवरच्या माणसानं मला 'मोटर असेंब्ली बदला' असं सांगितलं होतं.

ब्रशबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. आमच्या पुलाला गुळगुळीत टाइल्स आहेत. त्यावर रबरी दातऱ्यांचा ब्रश घसरतो, पीव्हीएचा स्पंजसारखा ब्रश धरून चालतो. सिमेंट फिनिश असेल तर उलट, रबरीच घ्या. स्पंजचा ब्रश वाळला की लाकडासारखा कडक होतो, म्हणून सोडताना यंत्र आधी पाण्यात भिजू द्यावं.

आमच्याकडं पुलाचं सगळं मामा बघतात. पहिल्या महिन्यात त्यांचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता. "मालक, ह्ये पायरीवर जाऊन अडकून बसलंय बघा, माझा झाडू बरा हुता," हे रोजचं. पायऱ्यांचं त्यांचं म्हणणं खरंच आहे. वरच्या दोन पायऱ्या आणि कोपरे अजून हातानं घासावे लागतात. त्यामुळं जुना दांडा, ब्रश आणि व्हॅक्यूम हेड विकू नका.

ते आणखी एका कारणासाठी लागतं. पावसाळ्यात दोन-तीन दिवस धार लागली की क्लोरिन उतरतं, लाल पाणी काठावरून आत येतं आणि शेवाळ धरतं. अशा वेळी रोबो सोडून काही होत नाही. आधी पीएच 7.2 ते 7.6 मध्ये आणा, क्लोरिनचा जादा डोस द्या, आणि डोस उतरेपर्यंत यंत्र बाहेर ठेवा. इतकं क्लोरिन रबर आणि सील खातं. मेलेलं शेवाळ बसवायला तुरटी टाकली असेल तर रात्रभर पाणी हलवू नका आणि सकाळी फिल्टरचा व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर करून (म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर जातं) हातानं ओढून घ्या. तुरटीचा तो गाळ इतका हलका असतो की रोबो त्यात फिरला की सगळा परत वर येतो. रोजच्या वापरात क्लोरिन 1 ते 3 पीपीएम असेल तर शेवाळाची वेळच कमी येते.

वीज. यंत्राला पाण्यात कमी व्होल्टेजचा डीसी जातो, तो देणारा डबा पुलापासून निदान बारा फूट लांब, सावलीत आणि पावसापासून आडोशाला ठेवायचा. त्या पॉइंटला आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारी कळ) नसेल तर यंत्र घ्यायच्या आधी ती बसवा. यात काटकसर नको. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझरही. आमच्याकडं मध्येच लाईट गेली की फेरी तिथंच थांबते, आणि लाईट आल्यावर यंत्र आपोआप सुरू होत नाही, परत बटण दाबावं लागतं. त्यामुळं रात्री सोडून झोपण्याचा बेत आम्ही सोडला.

वायरीनं मात्र खरा खर्च काढला. तिला पीळ पडतो, तो अधूनमधून उन्हात सरळ पसरून काढता येतो. पुलाला लागेल तेवढीच वायर पाण्यात सोडली की पीळही कमी पडतो. यंत्र वायरीनं कधी उचलायचं नाही, काठाशी आलं की हँडलला धरायचं आणि पाणी निथळू द्यायचं. एवढं सगळं पाळलं, आणि वायर उंदरानं कुरतडली. ऊस तुटला की शेतातले उंदीर-घुशी जवळच्या पंपरूमकडंच येतात. वॉरंटीत हे बसत नाही, आणि पाण्यात जाणारी वायर टेप मारून चालवायची नसते. नवी घ्यावी लागली, तीही मुंबईहून कुरिअरनं, तोवर मामांचा झाडू. आता वायरीचं वेटोळं भिंतीत उंच ठोकलेल्या खुंटीवर असतं आणि यंत्र पत्र्याच्या पेटीत.

म्हणून दुकानदाराला डेमो मागण्याआधी हे विचारा: जाळी, वायर, पट्टे आणि ब्रश आज स्टॉकमध्ये आहेत का, आणि नसतील तर किती दिवसांत येतील. 'मिळतात की' हे उत्तर धरू नका. सुट्या भागांची किंमत बिलाच्या मागं लिहून घ्या. बारीक जाळीचा एक जादा सेट यंत्रासोबतच मागा, तेव्हा घासाघीस करता येते. मोसम सुरू झाल्यावर कोण ऐकतं?