असेंबलर शिकायचंय: घरात एमव्हीएस उभं करावं की झेड-३९० वर भागवावं?

आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या कॉम्प्युटरवर) कोबोल येतं, जेसीएल (जॉब चालवायच्या सूचनांची भाषा) हाताखालून गेलेलं आहे, पण डम्प (प्रोग्राम कोसळला की निघणारी मेमरीची नोंद) आला की अजून सीनिअरला हाक मारावी लागते, आणि म्हणून एकदाचं असेंबलर (मशीनच्या इन्स्ट्रक्शन थेट लिहायची भाषा) शिकून घ्यावं असं वाटतंय, अशांसाठी हे लिहितोय. ऑफिसच्या मशीनवर असले उद्योग करू देत नाहीत. हिंजवडीत काय, चेन्नईत काय, सगळीकडे तेच. म्हणजे घरच्या लॅपटॉपवर काहीतरी जमवणं आलं. पर्याय तसे तीन आहेत, पण माझ्या मते खरा निवाडा दोघांतच होतो: हर्क्युलिसवर एमव्हीएस ही जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची, की लॅपटॉपवरच असेंबल करणारं झेड-३९० घ्यायचं.

तिसरा आधी उरकतो. आयबीएमचं झेड एक्सप्लोर हे ऑनलाइन शिकण्याचं ठिकाण फुकट आहे. खऱ्या झेड-ओएसवर (आजच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) यूजर आयडी मिळतो, व्हीएस कोड या एडिटरला झोवे हे मेनफ्रेमशी बोलणारं साधन जोडलं की घरबसल्या जॉब सबमिट करता येतात आणि रेझ्युमेवर टाकायला बॅजही मिळतात. ज्याने मेनफ्रेम कधी पाहिलाच नाही त्याला मी तिथेच पाठवेन. पण त्याची आखणी एकामागून एक आव्हानं सोडवत जायची आहे, आणि मशीन सगळ्यांचं मिळून आहे. रात्री अकरा वाजता एकाच एमव्हीसी (बाइट हलवायच्या) इन्स्ट्रक्शनला दहा तऱ्हांनी छळायचं असेल, तर मशीन आपलंच हवं.

आता हर्क्युलिस. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये आणलेला हा एम्युलेटर (मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) जुन्या सिस्टिम/३७० पासून आजच्या झेड-आर्किटेक्चरपर्यंत सगळं चालवतो. अडचण एवढीच, की त्यावर झेड-ओएस चालवायचा परवाना घरगुती माणसाला मिळत नाही. त्यामुळे त्यावर चढते ती जुनी, मोफत मिळणारी एमव्हीएस ३.८जे. पूर्वी ती उभी करायची म्हणजे सिस्टिम प्रोग्रामरचंच काम होतं. युर्गेन विंकेलमान यांचं टीके४- आणि नंतर रॉब प्रिन्स यांचं टीके५ (दोन्ही म्हणजे आयती उभी केलेली एमव्हीएस) आल्यापासून झिप उघडा, स्क्रिप्ट चालवा, कन्सोलवर मेसेज पळताना बघा, ३२७० (मेनफ्रेमचा टर्मिनल) एम्युलेटर जोडा आणि एचईआरसी०१ म्हणून लॉगऑन करा, इतकंच उरलंय. पासवर्ड साऱ्या जगाला ठाऊक आहे.

पहिल्यांदा ते कन्सोल हलतं तेव्हा भारी वाटतं, खोटं का बोला. असेंबल, लिंक, रन करणारी एएसएमएफसीएलजी प्रोसीजर आहे, डीडी कार्डं (फाइल कोणती ते सांगणाऱ्या ओळी) आहेत, स्पूल (आउटपुटची रांग) आहे, सिसयूडम्पमध्ये अस्सल डम्प येतो. असेंबलर जुना, आयफॉक्स००. इन्स्ट्रक्शन फक्त सिस्टिम/३७० च्या, अ‍ॅड्रेस २४ बिटांचे, म्हणजे सगळा पसारा १६ मेगाबाइटमध्ये. रिलेटिव्ह ब्रँच (स्वतःच्या जागेपासून अंतर मोजून मारलेल्या उड्या) नाहीत, त्यामुळे बीएएलआर १२,० आणि त्याखाली युझिंग, म्हणजे बेस रजिस्टर ठरवणं, हे केल्याशिवाय गाडी हलत नाही. याला मी तोटा म्हणणार नाही. ऑफिसात जे जुने मॉड्यूल वाचायला मिळतील ते असेच लिहिलेले असतात, आणि ४०९५ च्या पुढे डिस्प्लेसमेंट (बेस रजिस्टरपासूनचं अंतर) जात नाही म्हणजे काय, हे एकदा अडकल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

मग माझं बिनसलं कुठे? पीडीएसवर.

वाचणाऱ्यांना माहीत असेल, पीडीएसमध्ये (अनेक मेंबर, म्हणजे फाइली, ठेवायच्या लायब्ररीत) मेंबर सेव्ह केला की जुनी प्रत जिथल्या तिथे पडून राहते आणि नवी शेवटी लिहिली जाते. डिरेक्टरीतला पॉइंटर तेवढा बदलतो. मधली जागा कॉम्प्रेस केल्याशिवाय परत मिळत नाही. ऑफिसात याचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण लायब्ररी मोठ्या असतात, बऱ्याच ठिकाणी पीडीएसई (जागा आपोआप परत वापरणारा नवा प्रकार) असतात आणि आपण दिवसातून मोजक्या वेळा सेव्ह करतो. शिकताना मात्र उलटं असतं. एक रजिस्टर बदललं, सेव्ह. एक स्वल्पविराम हलवला, सेव्ह. एमव्हीएस ३.८ मध्ये पीडीएसई हा प्रकारच नाही. छोटा डेटासेट बघता बघता भरतो आणि नेमकं हातातलं काम सेव्ह करताना डी३७ (जागा संपल्याची एरर) येऊन उभा राहतो. सेकंडरी स्पेस दिली तर डी३७ ऐवजी जरा उशिराने ई३७, कारण एक्स्टेंट (जागेचे तुकडे) १६ वर संपतात. मग कॉम्प्रेस करायला आयईबीकॉपीचा जॉब लिहा. त्यात सुरक्षित राहायचं तर डिस्पोझिशन ओल्ड (डेटासेट एकट्यासाठी धरणं) द्यावं लागतं, आणि डेटासेट आपल्याच टीएसओ (टर्मिनलवरच्या) सेशनने धरून ठेवलेला असेल तर जॉब नुसता ताटकळत बसतो. म्हणून बाहेर पडा, कॉम्प्रेस करा, परत आत या. तोवर आपण सेव्ह एरिया (रजिस्टरं जपून ठेवायची जागा) कशाला जोडत होतो, हेच डोक्यातून गेलेलं असतं. ऑफिसातून दमून आल्यावर मिळणारा जेमतेम तासभर, त्यातला मोठा वाटा जागा मोकळी करण्यात जायचा. कुणी म्हणेल, ही सवयही लागायलाच हवी. असेलही. पण मी असेंबलर शिकायला बसलो होतो.

डॉन हिगिन्स यांचं झेड-३९० या बाबतीत अगदी साधं आहे. याच गृहस्थांनी डॉसच्या जमान्यात पीसी/३७० लिहिलं होतं. झेड-३९० ला जावा लागतं, बाकी काही नाही. सोर्स म्हणजे लॅपटॉपवरची साधी एमएलसी फाइल. एएसएमएलजी म्हटलं की असेंबल, लिंक, रन एका दमात, आणि शेजारी पीआरएन फाइलमध्ये लिस्टिंग तयार. जागा संपत नाही, स्पूल चाळावं लागत नाही. चूक आणि तिचा निकाल यांच्यात जे अंतर पडतं, ते इथे मला फारच कमी वाटलं. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण एका बैठकीत होणारा अभ्यास नक्की वाढला.

त्यातही ट्रेस (प्रोग्राम चालताना पायरीपायरीने होणारी नोंद). एस०सी७ (आकड्यातला डेटा चुकला की येणारी एरर) कोबोलवाल्यांच्या पाचवीला पुजलेला असतो. आकड्यांच्या फील्डमध्ये स्पेस आल्या की तो येतो, एवढं सगळे सांगतात. झेड-३९० चा ट्रेस लावून हेच बघा. तीन स्पेस म्हणजे हेक्समध्ये ४०४०४०. त्यांना पॅक केलं तर पॅक इन्स्ट्रक्शन काहीच तक्रार करत नाही, निमूटपणे ०००४ बनवते. शेवटच्या निबलमध्ये (अर्ध्या बाइटमध्ये) अधिक-उण्याचं चिन्ह हवं, तिथे ४ बसलाय. मशीन अडतं ते पुढे, एपी (पॅक्ड आकड्यांची बेरीज) आली की. प्रत्येक इन्स्ट्रक्शन, तिचा हेक्स आणि रजिस्टरं ओळीने समोर दिसतात, त्यामुळे बिघाड एकीकडे आणि ठिणगी दुसरीकडे हे पटकन लक्षात येतं.

एमव्हीएसच्या डम्पमधूनही हेच निघतं. पीएसडब्ल्यूतल्या (प्रोग्राम कुठवर आला ते सांगणाऱ्या नोंदीतल्या) अ‍ॅड्रेसमधून लोड अ‍ॅड्रेस वजा करायचा, तो पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो म्हणून एपीचे सहा बाइट मागे यायचं आणि लिस्टिंगमध्ये ऑफसेट शोधायचा. नोकरीत हेच करावं लागतं, ट्रेस कुणी देत नाही. त्यामुळे हर्क्युलिसवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त वजाबाकी शिकण्याआधी काय शोधतोय ते कळलेलं बरं, असं आपलं माझं मत.

झेड-३९० च्या खोडीही सांगायला हव्यात. त्याचे बरेच नमुने सबएन्ट्री मॅक्रोने सुरू होतात आणि तो मॅक्रो सगळं लिंकेज (एका रूटीनमधून दुसऱ्यात जायची-यायची जोडणी) पोटात घालतो. तो वापरू नका. रजिस्टरं साठवणाऱ्या एसटीएम १४,१२,१२(१३) पासून पुढचं सगळं हाताने लिहा, १८ फुलवर्डांचा सेव्ह एरिया स्वतः जोडा. फाइलचंही तसंच आहे: डीडीनेम म्हणजे इथे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि आरईसीएफएम=एफटी नावाची साध्या टेक्स्ट फाइलची एक सोय आहे जी मेनफ्रेमवर अस्तित्वातच नाही. सोयीची म्हणून तिची सवय लागते आणि पुढे नडते.

अजून एक, कॉलम ७२. लॅपटॉपच्या एडिटरमध्ये ओळीत मध्येच अक्षर घातलं की ७२ वर असायलाच हवा तो कंटिन्युएशनचा एक्स (ओळ पुढे चालू असल्याची खूण) ७३ वर सरकतो, किंवा लांबलेली कॉमेंट ७२ वर पोचून खालची ओळ गिळते. ३२७० च्या स्क्रीनवर बहुधा लाइन नंबरची जागा सोडून बरोबर ७२ कॉलम दिसतात, म्हणजे धोक्याची जागा थेट काठावर असते. हा गुण एमव्हीएसला द्यावाच लागेल. व्हीएस कोडमध्ये ७१ वर रूलर लावला की बरंचसं भागतं.

तर, जुन्या यंत्रांचं वेड असेल किंवा पुढे सिस्टिम्सकडे वळायचं असेल, तर हर्क्युलिस घ्या, माझं ऐकू नका. पण कोबोल-जेसीएल आधीच येत असेल आणि फक्त असेंबलरची भाषा अडत असेल, तर सुरुवात झेड-३९० वर करावी असं मला वाटतं. जेसीएल तुम्हाला परत शिकायचं नाहीये. पॅक्ड डेसिमल, ईडी (आकडे छापण्याजोगे करणं), ईएक्स (दुसरी इन्स्ट्रक्शन चालवणं), डीसेक्ट (डेटाच्या मांडणीचा साचा) आणि सबरूटीनचं लिंकेज हातात बसेपर्यंत तिथेच राहा.

नंतर एमव्हीएसवर गेलात तरी सोर्स लॅपटॉपवरच ठेवा. टीके४- आणि टीके५ मध्ये कार्ड रीडर ३५०५ या पोर्टवर ऐकत असतो. जेसीएलमध्येच सिसइनखाली सोर्स घाला आणि नेटकॅटने (नेटवर्कवरून डेटा पाठवणाऱ्या साधनाने) ती फाइल त्या पोर्टवर ढकला. एएसएमएफसीएलजी लोड मॉड्यूल तात्पुरत्या डेटासेटमध्ये ठेवते आणि लिस्टिंग प्रिंटरच्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतं. पीडीएसला हातच लागत नाही. रिलेटिव्ह ब्रँच जे च्या जागी बी, एफटीच्या जागी एफबी (ठरावीक लांबीचे रेकॉर्ड), एवढे बदल मात्र पाठवण्याआधी करून घ्या.