काळी मोनो शेडनेट, ७५ टक्के: अँथुरियमला भारी, हेलिकोनियाला नको

कुडाळजवळ आमची अँथुरियमची छोटी बाग आहे, फुलं गोव्यातल्या हॉटेलांना जातात. आधी हिरवी टेपवाली, म्हणजे चपट्या पट्ट्यांची नेट होती, विकणाऱ्याने ७५ टक्के सावलीची म्हणून दिली पण खाली उभं राहिलं की सरळ अंधारच वाटायचा, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या पट्ट्या सुटायला लागल्या. पानं मात्र काय सुंदर, गर्द हिरवी, त्यामुळे मला वाटायचं सगळं छान चाललंय. मग फुलवाल्या दादांचा फोन आला, ताई तुमची फुलं आठवड्यात निळी पडतात हो. खरंच तसं होतं, फुलाच्या लाल पानाची चकाकी जाते, कडेने निळसर झाक येते आणि मधल्या तुऱ्याचं टोक तपकिरी होतं.

गेल्या दिवाळीनंतर अर्ध्या बागेवर ही काळी मोनो नेट टाकली. ही गोल धाग्याची असते, त्यामुळे वारा खेळतो, आणि काळा रंग उजेड फक्त कमी करतो, त्याचा रंग बदलत नाही. फेब्रुवारीत दोन्हीकडची पाच पाच फुलं एकाच सकाळी तोडली, तुरा पाऊण भाग पिकलेली, आणि स्वयंपाकघरात साध्या पाण्यात ठेवली. हिरव्या नेटखालची दहाव्या दिवशी गेली. काळ्या नेटखालचं पहिलं फूल सतराव्या दिवशी खराब झालं, बाकीची त्यानंतरही उभी!! दांडी हातात घेतली तरी फरक कळतो, एक लिबलिबीत आणि दुसरी पेन्सिलीसारखी ताठ.

कारण सरळ आहे, तोडलेलं फूल दांडीत साठलेल्या साखरेवर जगतं आणि ती साखर पानं उजेडातच बनवतात, सावली जास्त झाली की साठाच कमी पडतो. म्हणून सावली काढूनच टाकायची असंही नाही, उघड्या उन्हात अँथुरियमचं पान करपतं, रंग फिका होतो. ७० ते ८० टक्के सावली त्याला लागतेच.

हेलिकोनिया या दुसऱ्या फुलझाडाला मात्र ही नेट घालू नका. मी हौसेने एक वाफा आत घेतला तर दांड्या नुसत्या उंच आणि बारीक झाल्या. त्याच्या फुलाची रंगीत पाती दांडी तोडल्यावर पुढे उघडत नाहीत, म्हणजे झाडावर जेवढं फूल तयार होईल तेवढंच तुमचं. आता तो वाफा माडांच्या कडेला उन्हात आहे आणि मस्त आहे.

नेटबद्दल तक्रार एकच, कडेची पट्टी कच्ची आहे, तार ओवताना दोन ठिकाणी फाटली, कडा दुमडून शिवून घेतली तेव्हा कुठे टिकली. आणि कोकणात जून ते सप्टेंबर ढगच इतके असतात की मी ती सरकवता येईल अशी बांधलीय, पावसाळ्यात कोंदट दिवस लागले की नेटचे दोन गाळे उघडे करते. उरलेल्या अर्ध्या बागेसाठी हीच मागवलीय.